कुंपणाची राखण



शेतात पीक डोलू लागले, की शेतकरी शेताभोवती काटेरी कुंपण घालतो. मोकाट गुरांनी पीक खाऊ नये, म्हणून हा बंदोबस्त. पण समजा, कुंपणानेच शेत खाल्ले तर? मराठीत 'कुंपणच शेत खाते' अशी एक म्हण आहे. ज्याच्यावर राखणीचे काम सोपवले त्यानेच चोरी केली, तर ही म्हण वापरतात.

हवा, पाणी, झाडे, नद्या आणि जंगले हे आपल्या सर्वांचे सामाईक शेत आहे. त्याचे रक्षण व्हावे म्हणून देशाने कायदे केले, खाती उघडली, अधिकारी नेमले. हे आपले कुंपण. या कुंपणात अनेक माणसे प्रामाणिक आहेत. पेंचच्या किंवा मेळघाटच्या जंगलात उन्हातान्हात पायी गस्त घालणारा वनरक्षक आपल्यासाठीच झिजत असतो. पण काही ठिकाणी लाच, ओळख आणि दबाव यांमुळे कुंपण कुजते. मग या कुंपणाची राखण कोणी करायची? या प्रश्नाचे उत्तर आपण या पाठात शोधू.

झाड फिर्याद करीत नाही

रेशनच्या दुकानात किलोमागे शंभर ग्रॅम साखर कमी दिली, तर गिऱ्हाईक तिथल्या तिथे भांडते. कारण नुकसान त्याचे स्वतःचे असते, ते लगेच कळते आणि तराजू त्याच्या डोळ्यांसमोर असतो. पर्यावरणाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी नसतात.

पहिली गोष्ट अशी, की ज्याचे नुकसान होते ते मुके असते. झाड पोलीस ठाण्यात जात नाही. नदी फिर्याद लिहून देत नाही. दुसरी गोष्ट, नुकसान फार उशिरा दिसते. कारखान्याने रात्री सोडलेले घाण पाणी सकाळपर्यंत पुढे वाहून जाते. त्याचा परिणाम काही वर्षांनी विहिरींत आणि माणसांच्या शरीरांत दिसू लागतो. तेव्हा कारण कोणाला आठवत नाही. तिसरी गोष्ट, तराजू आपल्यासमोर नसतो. किती रोपे लावली, पाणी कोणी तपासले, परवानगी कोणी दिली, हे सारे कार्यालयातील कागदांत असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका रस्त्याच्या कडेला एक हजार रोपे लावण्याचे काम निघाले. कागदावर हजार खड्डे, हजार रोपे, हजार जाळ्या आणि तीन वर्षांचे पाणी. पैसेही हजार रोपांचे दिले गेले. प्रत्यक्षात खड्डे सहाशेच खोदले. उरलेल्या चारशे रोपांचे पैसे वाटून घेतले. दोन वर्षांनी कोणी विचारले, तर उत्तर तयार असते : ''पाऊस कमी झाला, रोपे वाळली.'' आता सांगा, वाळलेले रोप आणि कधीच न लावलेले रोप यांतला फरक कसा ओळखणार?

तेव्हा हा भ्रष्टाचार राहतो कोठे? तो कागद आणि जमीन यांच्यामधल्या अंतरात राहतो. कागद कपाटात असतो आणि जमीन गावात असते. दोघांची भेट होत नाही, तोपर्यंत चोरी झाकलेली राहते. ही भेट घडवून आणणे हेच नागरिकाचे काम. पुढे सांगितलेले सगळे उपाय म्हणजे याच एका कामाचे निरनिराळे मार्ग आहेत.

आपल्या नागपुरात

ज्या नदीवरून आपल्या शहराला नाव मिळाले, ती नाग नदी आज सांडपाण्याने भरून वाहते. तिचे पाणी पुढे कन्हान नदीला मिळते आणि तेथून वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणापर्यंत पोहोचते. म्हणजे नागपूरची घाण दूरच्या भंडारा जिल्ह्यातील लोकांच्या दारी जाते. ही नदी स्वच्छ करण्यासाठी १९२५ कोटी रुपयांहून अधिक खर्चाची योजना आखली गेली. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली.

१९२५ कोटी! ही रक्कम अंकांत लिहून पाहा. १९२५ च्या पुढे सात शून्ये येतात. हा पैसा तुमच्या-माझ्या खिशातून गेलेला आहे. काडेपेटीपासून मोबाइलपर्यंत आपण जे जे विकत घेतो, त्यावर कर भरतो. तेव्हा नाल्यावर बसवलेले यंत्र खरोखर चालते का, नळ टाकल्याचे लिहिले तेथे तो आहे का, हे पाहण्याचा हक्क आपला आहे.

दुसरे उदाहरण कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांचे. तेथे कोळसा जाळून वीज तयार होते आणि राखेचे डोंगर उरतात. ही राख पाण्याबरोबर मोठ्या तलावांत साठवतात. पारशिवनी तालुक्यातील नांदगाव येथे राखेच्या तलावामुळे शेते आणि घरे राखेने भरतात, अशी तक्रार गावकरी करीत होते. काही संस्थांनी गावोगावी जाऊन पाण्याचे नमुने घेतले आणि ते तपासून अहवाल प्रसिद्ध केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याचे पर्यावरणमंत्री स्वतः तेथे आले आणि त्या तलावात राख सोडणे थांबवण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी जुलै महिन्यात खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नदीत शिरले. गावकऱ्यांची काळजी किती खरी होती, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रत्येक प्रदूषणामागे लाचच असते, असे नाही. कधी निष्काळजीपणा असतो, कधी माणसे अपुरी असतात. लाच घेतली की नाही, हे ठरवणे न्यायालयाचे काम. आपले काम एवढेच, की कागदावर काय लिहिले आहे आणि जमिनीवर काय आहे, हे खरे-खरे मांडायचे.

राळेगणपासून आझाद मैदानापर्यंत

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी हे लहानसे गाव आहे. एके काळी ते दुष्काळी होते. अण्णा हजारे यांच्याबरोबर गावकऱ्यांनी श्रमदान केले, बांध घातले, चर खोदले, झाडे लावली. पावसाचे पाणी जमिनीत मुरले आणि विहिरी भरल्या. झाडाची किंमत काय असते, हे या गावाला घाम गाळून कळले होते.

म्हणूनच जंगलाची लूट त्यांना सहन झाली नाही. १९९१ साली अण्णांनी भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन सुरू केले. वनविभागातील सुमारे ४० अधिकारी आणि लाकडाचे व्यापारी यांचे संगनमत आहे, असा त्यांचा आरोप होता. आंदोलनानंतर अधिकाऱ्यांच्या बदल्या आणि निलंबने झाली. ज्यांना १९९० साली पद्मश्री मिळाली होती, त्या अण्णांनी पुढे याच लढ्यात तो सन्मान सरकारला परत केला.

या लढ्यात एक अडचण पुन्हा पुन्हा येई. पुरावा मागितला, की उत्तर मिळे : ''कागद गोपनीय आहेत.'' तेव्हा लोकांच्या लक्षात आले, की एकेका अधिकाऱ्याशी भांडून भागणार नाही. कागद पाहण्याचा हक्कच मिळवला पाहिजे. राजस्थानातही असाच विचार चालू होता. तेथे मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगावी जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामांची हजेरीपत्रके आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली जात. ज्या मजुराच्या नावावर मजुरी दाखवली, तो तेथेच उठून सांगे, की ''मला हे पैसे मिळालेच नाहीत.'' कागद आणि जमीन यांची भेट झाली, की असे होते.

महाराष्ट्रात १९९७ साली मुंबईच्या आझाद मैदानावर माहितीच्या अधिकारासाठी आंदोलन झाले. मोर्चे, सभा, धरणे असे अनेक मार्ग लोकांनी वापरले. ऑगस्ट २००३ मध्ये अण्णांनी त्याच मैदानावर उपोषण केले. उपोषण चालू असतानाच राष्ट्रपतींनी महाराष्ट्राच्या कायद्याला संमती दिली. पुढे साऱ्या देशासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आला. १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे लागू झाला.

म्हणजे बघा, जंगलातली चोरी पकडायला निघालेली माणसे शेवटी साऱ्या देशाच्या कपाटांच्या किल्ल्या मिळवण्यास कारण ठरली.

दहा रुपयांचा अर्ज

आता ही किल्ली कशी वापरायची, ते पाहू. पण त्याआधी एक गंमत. सरकारी मराठीतले पुष्कळ शब्द तुम्हांला घरापासून माहीत आहेत. अर्ज, मुदत, नक्कल, तारीख, दाखला, वकील, फिर्याद हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि येथेच राहिले. काही शब्दांनी मात्र वेश बदलला आहे. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा खोडी. मराठीत 'हरकत' म्हणजे आक्षेप. उर्दूत 'तकरार' म्हणजे भांडण. मराठीत 'तक्रार' म्हणजे शिकायत. उर्दूत 'कायदा' म्हणजे नियम किंवा मुळाक्षरांचे पुस्तक. मराठीत 'कायदा' म्हणजे कानून. एवढा फरक कळला, की सरकारी कार्यालयाची भीती निम्मी कमी होते.

माहितीचा अर्ज साध्या कागदावर लिहिता येतो. तो संबंधित कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यायचा. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा, असा नियम आहे. माहिती कशासाठी हवी, हे सांगावे लागत नाही. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे.

अर्जात प्रश्न कसा विचारावा, याला फार महत्त्व आहे. ''आमच्या वस्तीतली झाडे का वाळली?'' असे विचारू नये. त्यावर अधिकारी आपले मत लिहील. आपल्याला मत नको, कागद हवा. म्हणून असे लिहावे :

''गेल्या आर्थिक वर्षात आमच्या प्रभागात लावलेल्या रोपांची संख्या, जागा आणि जाती यांची यादी द्यावी. कंत्राटदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती द्याव्यात. रोपे जगली की नाही, याची तपासणी ज्या तारखांना झाली, त्या तपासणी अहवालांच्या प्रती द्याव्यात.''

उत्तर आले, की यादी हातात घेऊन त्या जागी जा आणि झाडे मोजा. या कायद्याने आणखी एक मोठा हक्क दिला आहे. नागरिकाला सरकारी कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याची आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचीही मागणी करता येते.

उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील करावे. तेथेही समाधान झाले नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगाचे एक खंडपीठ आपल्या नागपुरातच आहे. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आयोगात प्रकरणे साचतात आणि कधी निकालाला फार दिवस लागतात, हेही खरे. म्हणून धीर हवा आणि प्रत्येक कागदाची नक्कल जपून ठेवण्याची सवय हवी.

या दहा रुपयांत किती बळ आहे? मुंबईतील कुलाब्याच्या 'आदर्श' या ३१ मजली इमारतीचे प्रकरण पाहा. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या कागदांमुळे ते उजेडात येण्यास मोठी मदत झाली. त्यावरून नोव्हेंबर २०१० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. समुद्रकिनाऱ्याच्या रक्षणासाठी लागणारी पर्यावरणाची परवानगी घेतली नाही, म्हणून केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०११ मध्ये इमारत पाडण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ साली तसाच निर्णय दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पाडकाम थांबवले. लढाई लांबते, पण एकदा उघडलेला कागद पुन्हा झाकता येत नाही.

वेळेवर हरकत

चोरी झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा ती होण्याआधी हरकत घेणे अधिक चांगले. शहरातील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार महानगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण असते. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. परवानगीपूर्वी जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा मान दिला आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. म्हणजे ४० वर्षांचे कडुलिंबाचे झाड गेले, तर ४० रोपे कोठे लावली, हा प्रश्न आपण हक्काने विचारू शकतो.

नागपुरातील अजनी परिसरात स्थानकाच्या मोठ्या प्रकल्पासाठी हजारो झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा अनेक नागरिकांनी लेखी हरकती नोंदवल्या. काहींनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागितली. विद्यार्थी, डॉक्टर, निवृत्त कर्मचारी असे सर्व थरांतील लोक त्यात होते. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापलेली सूचना कोणीतरी वाचली, म्हणूनच अशी हरकत घेता येते. तेव्हा घरी वर्तमानपत्र येत असेल, तर जाहीर सूचनांचे पानही वाचत जा.

मोठे कारखाने, खाणी आणि वीजकेंद्रे यांच्यासाठी जनसुनावणी होते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असला पाहिजे. सुनावणीचे चित्रीकरण होते आणि लोकांचे म्हणणे नोंदवले जाते. कोराडीच्या नव्या संचांसाठी मे २०२३ मध्ये अशीच सुनावणी झाली. अशा ठिकाणी नुसत्या घोषणा देऊन उपयोग नाही. लेखी निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. पोच म्हणजे कागद मिळाल्याची सही आणि शिक्का. पोच नसेल, तर तुमचा कागद हरवायला क्षणभरही लागत नाही.

तक्रार कोठे करावी?

घरात साप निघाला, तर आपण सर्पमित्राला बोलावतो; आग लागली, तर अग्निशमन दलाला. तसेच येथेही आहे. कचरा, नाले आणि झाडे यांची तक्रार महानगरपालिकेकडे करावी. कारखान्याचा धूर किंवा घाण पाणी याबद्दल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जावे. जंगलातील तोड असेल, तर वनविभागाकडे. कोणी लाच मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे. त्यांचा दूरध्वनी क्रमांक १०६४ आहे. अधिकारी किंवा मंत्री यांच्या कारभाराबद्दल लोकायुक्तांकडेही दाद मागता येते. पर्यावरणाच्या खटल्यांसाठी २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. आणि कोणतेच दार उघडले नाही, तर जनहित याचिकेसाठी उच्च न्यायालय आहेच.

न्यायालयात जाऊन काय होते, असे कोणी विचारील. मित्रांनो, तुमच्या वेळापत्रकात पर्यावरणाचा विषय आहे ना? वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिला, की शाळा-महाविद्यालयांत पर्यावरणाचे शिक्षण द्यावे. एका नागरिकाने दार ठोठावले आणि त्याचा आवाज देशभरातील शाळांपर्यंत पोहोचला.

गाव करी ते राव काय करी

एकटा माणूस दबतो, विकला जातो किंवा थकतो. साऱ्या गावाला विकत घेणे कठीण असते. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे गोंड आदिवासींचे गाव आहे. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या सहमतीने होतात. कोणताही निर्णय घेण्याआधी गावकरी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार असले, तरी गावात आम्हीच सरकार, असे ते सांगतात.

वनहक्क कायदा, २००६ याच्या आधारे २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू जंगलाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनविभागाच्याच हातात राहिला. हक्क कागदावर आला, पण जमिनीवर आला नाही. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी मागे हटले नाहीत. त्यांनी कायद्याचे पुस्तक समोर ठेवून सांगितले, की या कायद्यात बांबू हे लाकूड नसून गौण वनोपज आहे. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

याचा भ्रष्टाचाराशी काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. परवाना एकाच टेबलावर अडत असेल, तर तेथे लाचेला जागा होते. तोच परवाना ग्रामसभेत सर्वांसमोर फाडला जाऊ लागला, की कोणाच्या हाताखालून काही सरकवणे अवघड होते. जंगल राखणारे आणि हिशेब पाहणारे लोक एकच झाले. कुंपणाची राखण ती हीच.

सावधपणे, पण न घाबरता

हा मार्ग नेहमीच सोपा नसतो, हे तुमच्यापासून लपवणार नाही. गुजरातमध्ये गीरच्या जंगलाजवळील बेकायदा खाणींविरुद्ध अमित जेठवा यांनी न्यायालयात याचिका केली होती. २० जुलै २०१० रोजी त्यांची अहमदाबादेत हत्या झाली. आपल्या पुणे जिल्ह्यातील तळेगावचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकाराने जमिनींचे गैरव्यवहार उघड करीत. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचीही हत्या झाली. अशा माणसांचे ऋण आपण मानले पाहिजे आणि त्यापासून धडाही घेतला पाहिजे.

धडा हा, की एकट्याने पुढे जाऊ नये. अर्जावर एका नावाऐवजी मोहल्ल्याच्या पन्नास सह्या असाव्यात. कागदांच्या नकला तीन-चार ठिकाणी ठेवाव्यात. कारखान्याच्या आवारात किंवा राखेच्या तलावावर मुलांनी कधीही जाऊ नये. पुरावा हाती नसताना कोणाला चोर म्हणू नये. मोबाइलवर आलेली बातमी तपासल्यावाचून पुढे पाठवू नये. खोटी तक्रार खऱ्या तक्रारीचे बळ कमी करते.

तुम्ही आजच काय करू शकता?

तुम्ही अजून लहान आहात, मतदार नाही. पण तुम्ही नागरिक आहात. संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदात जंगले, तलाव, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे.

वर्गातील पाच-सहा मुला-मुलींचा एक गट करा. एक वही घ्या. शाळेपासून घरापर्यंतच्या रस्त्यावरील झाडे मोजा. झाडाचे नाव, जागा, बुंध्याचा घेर आणि तारीख लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. एखादे झाड नाहीसे झाले, तर ते कोणाच्या परवानगीने गेले, हे विचारण्यासाठी वडीलधाऱ्यांच्या मदतीने अर्ज करा. जवळच्या नाल्याच्या पाण्याचा रंग आणि वास महिन्यातून एकदा, दुरूनच पाहून नोंदवा. ही वही म्हणजे तुमचा तराजू.

आणखी एक गोष्ट घरापासून सुरू होते. आपले काम लवकर व्हावे म्हणून शंभराची नोट पुढे करणारा हातही कुंपण कुजवतो. इस्लामने लाच देणारा आणि घेणारा या दोघांनाही दोषी ठरवले आहे. आपल्या देशाच्या कायद्यातही २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणे हा गुन्हा आहे. कोणी बळजबरीने लाच द्यायला लावली, तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो.

मित्रांनो, कुंपण तोडून टाकले, तर शेत उघडे पडेल. म्हणून आपल्याला कुंपण तोडायचे नाही. त्यातला कुजलेला खांब शोधायचा आहे, तो बदलून घ्यायचा आहे आणि चांगल्या खांबांना आधार द्यायचा आहे. त्यासाठी हाती काठी नको. एक वही, एक पेन आणि शेजाऱ्यांच्या सह्या एवढे पुरेसे आहे.

शब्दार्थ

सामाईक – सर्वांचे मिळून, मुश्तरका
गस्त – पहारा देत फिरणे, गश्त
संगनमत – आतून केलेली हातमिळवणी, साजिश
निलंबन – चौकशीपर्यंत कामावरून दूर ठेवणे, मुअत्तली
गोपनीय – गुप्त, खुफिया
देयक – बिल
पोच – कागद मिळाल्याची सही व शिक्का, रसीद
गौण वनोपज – बांबू, तेंदूपाने, मध, मोहफुले यांसारख्या जंगलातील वस्तू

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माहितीच्या अर्जाचे शुल्क किती आहे?
(आ) मेंढा-लेखा गावात निर्णय कसे घेतले जातात?
(इ) लाच मागितल्यास कोणाकडे तक्रार करावी?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पर्यावरणातील भ्रष्टाचार लवकर का उघड होत नाही? तीन कारणे सांगा.
(आ) ''आपल्याला मत नको, कागद हवा'' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
(इ) वाहतूक परवाना ग्रामसभेकडे आल्यामुळे लाचेची जागा कशी कमी झाली?

३. पुढील शब्दांचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ लिहून प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा : हरकत, तक्रार, कायदा.

४. पुढील म्हणींचा अर्थ सांगा आणि तुमच्या अनुभवातील एकेक उदाहरण द्या.
(अ) कुंपणच शेत खाते. (आ) गाव करी ते राव काय करी.

५. उपक्रम : तुमच्या प्रभागातील रोपलागवडीची माहिती मागणारा अर्ज १५० शब्दांच्या आत लिहा. तो शिक्षकांना दाखवून दुरुस्त करा आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.